आप्पांची क प्रत

मी काय काम करते हे धाराशिवात कुणाला सांगायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. "मेंदूचे नकाशे जुळवते," असं म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे डोक्यावर परिणाम झालेल्यांचं बघता का?" आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी तर एकदा माझ्यादेखत शेजारणीला बजावलं, "तिला काय बोलू नगं गं, येड्याची डाक्टर हाय ती." मी डॉक्टर नाही. मी भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन स्क्रीन मांडून बसते आणि दिवसभर परक्या माणसांच्या मेंदूंचे काप बघते. काम पुण्याहून येतं आणि मी रिकामी बसलेली नाही, एवढंच गल्लीला पटलं आहे.

काम सांगायला अवघड आहे, समजायला नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा माणसांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा काढतात, पण मोजायची रीत ज्याची त्याची. एकानं ज्या भागाला एक नाव दिलं, त्याचेच दुसरा तीन तुकडे करतो आणि तिन्हींना वेगळी नावं देतो. तिसऱ्याची रेघ भलतीकडूनच जाते. अशी माहिती एकमेकांना देऊन उपयोग काय? म्हणून सगळ्यांनी एकच प्रमाण नकाशा धरायचा, त्याला आमच्यात अ‍ॅटलस म्हणतात, आणि प्रत्येक मेंदू ताणून, दाबून, वळवून त्या नकाशावर नेऊन बसवायचा. मग इथला ठिपका आणि तिथला ठिपका एकाच जागेचा आहे असं म्हणता येतं. ते नीट बसलं की नाही हे बघणारी मी. बसलं तर पुढं, नाही बसलं तर बाद.

हे सगळं एका दमात समजलेला माणूस मला एकच भेटला, आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. मुरुम, उमरगा, लोहारा, जिथं बदली होईल तिथं. मी या प्रकल्पात लागले तेव्हा त्यांना स्क्रीनवर दोन मेंदू एकावर एक ठेवून दाखवले. चष्मा वर सरकवून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे निजामाच्या वक्ताचा नकाशा घ्यायचा आन् नव्या नकाशावर बसवायचा. आगं, आमी जल्मभर त्येच केलं की. बसत न्हाय, माय. रेटून बसवला की कुणाचा तरी बांध जातो."

मी हसले होते. त्या वेळी मला सगळं येतंय असं वाटायचं.

बांधावरची मोजणी म्हणजे भांडण ठरलेलं. दोन भाऊ बांधाच्या दोन अंगांना तोंडाला तोंड करून उभे, आणि दोघंही "माझ्या उजव्या हाताचं माझं" म्हणून ओरडायचे. उजवा हात दोघांचाही खराच, पण एकमेकांच्या उलट. आप्पा आपलं तीन पायांचं मोजणीचं टेबल रोवायचे, त्यावर कागद लावायचे आणि जाहीर करायचे, "उजवं-डावं हितं माझं. नकाशा बघणाऱ्याचा उजवा त्यो उजवा. बाकीच्यांनी आपापलं हात खिशात घाला." लोक हसायचे आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबायचं. घरीही हाच कायदा. आई वाढताना "उजवीकडचं ताट कुणाचं?" म्हणाली की हे विचारणार, "बघतंय कोण?" शाळेत कवायतीला गुरुजी "उजवा हात वर" म्हणाले की मी त्यांच्यासमोर उभी राहून डावा हात वर करायची, कारण बघणारे गुरुजी होते आणि त्यांच्या बाजूनं तो उजवीकडे होता. त्याबद्दल छड्या खाल्ल्या. घरी येऊन आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तुजं बराबर हाय. त्येंला नकाशा वाचता येत न्हाय."

नोंदीचं मात्र त्यांना वेडच होतं, आणि त्याला कारण होतं. आमचं गाव लोहाऱ्याकडचं. गावाच्या जुन्या नकाशात गावठाणाची रेघ जिथं संपते त्याच्या बाहेर आमची वस्ती आहे. आमच्या आज्यानं धम्म स्वीकारला तो त्याच वस्तीत, विहार बांधलं ते तिथंच, मेला तोही तिथंच. पण नकाशात त्या जागी काहीच नाही, नुसता कोरा कागद. आप्पा नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी तो नकाशा पहिल्यांदा उलगडून बघितला. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत, असं आई सांगते. स्वतःच्या जागेची मोजणी स्वतः करायची नाही असा रिवाज आहे आणि आप्पांनी तो पाळला. दुसऱ्या कुणी येऊन करायची ती मोजणी या ना त्या कारणानं राहून गेली आणि आप्पा निवृत्त झाले.

मोजणी पुरी झाली की जमीनवाल्याला नकाशाची एक प्रत मिळते. तिला क प्रत म्हणतात. आप्पांनी आयुष्यभर लोकांना क प्रती काढून दिल्या. लोकांनी त्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवल्या. आमच्या घरात एकही नव्हती.

मग आप्पा विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. पण मुरुमला एका लग्नात कुणीतरी विचारलं, "साहेब, आमची विहीर आठवती का? बांधाच्या कुठल्या अंगाला हाय?" आणि आप्पांनी भलत्याच दिशेला बोट केलं. विचारणाऱ्यानं विषय बदलला. आप्पांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण परतीच्या जीपमध्ये ते तळहातावर बोटानं रेघा ओढत बसले होते. पुढं एकदा बाजारातून येताना स्वतःची गल्ली चुकले, एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार फक्त पुढं जातो, मागं येत नाही. मी पुण्याची खोली सोडून, काम घेऊन धाराशिवला आले ती तेव्हा.

त्याच सुमाराला आमच्या प्रकल्पात एक नवी गोष्ट ठरली. आम्ही जो प्रमाण नकाशा वापरत होतो तो बहुतेक दूरदेशच्या तरण्या, धडधाकट माणसांच्या मेंदूंवरून केलेला होता. एके काळी तर एकाच म्हाताऱ्या बाईच्या मेंदूवरून काढलेला नकाशा सगळं जग वापरत होतं. आता इकडच्या, लहान गावांतल्या म्हाताऱ्यांचे मेंदू त्यावर बसवायचे म्हणजे फार ताणावे लागत. विसरायला लागलेल्या माणसाचा मेंदू आतून आक्रसतो, पोकळ्या मोठ्या होतात. तो ताणून बसवला की पोकळ्या बुजतात आणि चित्र अगदी ठाकठीक दिसतं. जे हरवलंय तेच नेमकं झाकलं जातं. आप्पा म्हणाले होते तो बांध हाच, हे मला फार उशिरा कळलं. तर म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा, विसरणाऱ्यांचासुद्धा, वेगळा अ‍ॅटलस करायचं ठरलं. त्यासाठी माणसं हवी होती. मी आप्पांना विचारलं.

आप्पांचे डोळे चमकले. "माझी मोजणी व्हय?"

"व्हय, आप्पा. डोक्याची."

"मग नोटीस कुठंय? मोजणीच्या आधी नोटीस पायजे. लगतदारांना कळवाय पायजे."

"डोक्याला कुठले आलेत लगतदार?"

"ही हाय की तुजी आई. चाळीस वरसं लागून हाय."

आईनं कपाळाला हात लावला. पण मी खरंच एक नोटीस टाइप केली. अमुक दिवशी सकाळी सोलापूर येथे मोजणी होईल, संबंधितांनी हजर राहावे. आईनं लगतदार म्हणून सही केली, आप्पांनी धारक म्हणून. सही करताना त्यांचा हात जराही थरथरला नाही. त्यांची सही हीच त्यांच्याजवळ शाबूत राहिलेली सगळ्यात जुनी वस्तू होती. प्रकल्पाचं संमतीपत्रही मी त्यांना वाचून दाखवलं. त्यात होतं की प्रतिमा फक्त प्रकल्पाकडे राहील, यंत्र जिथं आहे तिथं प्रत ठेवली जाणार नाही, नावाऐवजी नुसता आकडा लागेल, चेहरा पुसला जाईल, आणि फाइल बाद झाली तर ती कायमची काढून टाकली जाईल. प्रत्येक वाक्याला आप्पांनी मान हलवली.

"आन् क प्रत मिळंल का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मिळंल," मी म्हणाले. नकाशा पुरा झाला की त्यातलं त्यांचं चित्र छापून आणून द्यायचं असं मी मनाशी ठरवलं होतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मेंदू डाव्या आणि उजव्या अंगाला दिसायला जवळजवळ सारखा असतो. यंत्रात माणूस कसा झोपलाय, डोकं आत की पाय आत, हे तिथलं माणूस हातानं भरतं. भरताना चूक झाली तर डावा मेंदू उजवा होऊन बसतो आणि नुसतं चित्र बघून ते ध्यानात येणं मुश्किल. म्हणून आमच्या प्रकल्पात एक साधी युक्ती होती. उजव्या कानाच्या वर व्हिटॅमिनची एक तेलाची गोळी चिकटपट्टीनं लावायची. प्रतिमेत ती शेंगदाण्याएवढी पांढरीशुभ्र दिसते. गोळी जिकडं, ती उजवी बाजू. गोळी आणि यंत्र यांची साक्ष जुळली तर फाइल चांगली. जुळली नाही तर खरं कोण हे ठरवत बसायचं नाही, फाइल बाद. तो नियम मीच लिहिला होता. हद्दीचा दगड हललेला दिसला की त्यावरून मोजायचं नाही, असं आप्पा म्हणायचे, त्यावरून तो मला सुचला होता. बैठकीत सगळ्यांनी वाहवा केली होती.

सोलापूरला आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं त्यांच्या उजव्या कानावर गोळी लावली आणि त्यांना बाकावर बसवलं. आई त्यांच्याशेजारी बसली होती, पण तिचा डोळा लागला होता. मी खिडकीशी कागद भरत होते. त्या दहा-पंधरा मिनिटांत काय झालं ते मला पुढं कैक महिन्यांनी कळलं. नंतर आप्पा त्या नळीत इतके निश्चल पडून राहिले की ती मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "तरुण पोरंसुद्धा एवढी शांत पडत नाहीत." आप्पा उठून सदऱ्याची घडी नीट करत म्हणाले, "मोजणी चालू आसताना धारकानं हालू नये."

त्यानंतर घरात रोजचा एक प्रश्न सुरू झाला. सकाळी चहाचा कप हातात घेतला की आप्पा विचारायचे, "माझी नोंद झाली का?" मी म्हणायचे, "काम चालू आहे." ते खूश व्हायचे. सरकारी कामाला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? हळूहळू त्यांना जेवलो की नाही हे आठवेनासं झालं, माझ्या बहिणीचं लग्न झालंय हे आठवेनासं झालं, पण मोजणी झालीय आणि क प्रत यायची आहे हे ते विसरले नाहीत.

इकडं फाइली यायच्या. आकड्याची, बिनचेहऱ्याची डोकी. नाक, डोळे, ओठ पुसलेले, जेणेकरून कुणी ओळखू नये. मी आईपुढं बढाई मारली होती की आप्पांचा मेंदू आला की मी बरोब्बर ओळखणार. रोज बघते मी, मला नाही कळणार? आई म्हणाली होती, "नवऱ्याला बी आतून कुणी वळखत न्हाय, तू काय वळखती."

एक दिवस आप्पांचं रक्त तपासायला माणूस घरी आला. सुई काढून त्यानं दंडाच्या खाली कापूस ठेवला आणि वर चिकटपट्टी लावली. तो गेल्यावर आप्पा त्या पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ह्यानं नीट लावली. त्या सोलापूरच्या पोरीला लावता येत न्हवती."

"काय लावता येत नव्हती?"

"खूण. उलटी लावलीती तिनं. म्या काढून नीट केली."

"नीट म्हणजे कुठं लावली, आप्पा?"

त्यांनी डावा हात उचलला आणि डाव्या कानाच्या वर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघून हसले, कवायतीच्या दिवशी हसले होते तसेच. "आगं, समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडं. तिला ठावं न्हवतं. बोलायला कशाला लावायचं म्हणून गुपचाप केली."

मी उठून पुढच्या खोलीत गेले आणि नोंदवही उघडली. आमची नोंदवही म्हणजे कॉम्प्युटरवरची यादी, कोणती फाइल कुणी, का पुढं ढकलली किंवा का काढली याची. सोलापूरहून आलेल्या सगळ्या फाइलींमध्ये खूण आणि यंत्र जुळत नाही अशी एकच होती. समोर माझ्याच हातचं वाक्य होतं: "खूण आणि यंत्र यांचा मेळ नाही. बाजू अनिश्चित. बाद." दुपारची वेळ होती. तेव्हा मी काय करत होते, चहा पीत होते की आईशी बोलत होते, मला काही आठवत नाही. बापाचं डोकं समोर आलं होतं, मी ते उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि पुसून टाकलं. ओळखलं तर नाहीच, वर नियम पाळल्याचं समाधानही वाटलं असेल.

मला माझा इतका राग आला की मी भिंतीवर हात आपटला. आई आतून ओरडली, "काय पडलं गं?"

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमना मी सगळं लिहून पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. बाई चांगल्या आहेत, मला कधी घालूनपाडून बोललेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझी तगमग मला कळते. पण मला सांग, गोळी हलवली हे सांगणारं कोण आहे?"

"आप्पा स्वतः."

"दुसरं कुणी बघितलं?"

आईचा डोळा लागला होता. मी नाही म्हणाले.

"आणि ते कुठल्या गटात होते?"

"विस्मरणाच्या."

मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि समजा मी मानलं, तरी फाइल कुठं आहे?"

फाइल नव्हती. संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे ती कुठंच नव्हती, मी ते स्वतः आप्पांना वाचून दाखवलं होतं. मी विचारलं, परत एकदा मोजता येईल का? त्या हो म्हणाल्या. मला एवढी आशा वाटली की त्याच आठवड्यात मी आप्पांना घेऊन पुन्हा सोलापूरला गेले. या वेळी नोटीस काढायचं मला सुचलं नाही. आप्पांना नळीत सरकवलं, आवाज सुरू झाला, आणि ते आतून ओरडायला लागले, "मला कुठं पुरताय? आगं माय, मला कुठं पुरताय हे?" त्या मुलीनं यंत्र बंद केलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली. गोळी तेवढी उजव्या कानावर जिथल्या तिथं होती. परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून झोपले आणि धाराशिव येईपर्यंत उठले नाहीत.

मी स्वतःची समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. त्या नकाशात शेवटी सगळ्यांची सरासरीच असणार होती. अनेक डोकी एकावर एक ठेवून त्यातून एक काढायचं, त्यात आप्पांचा वाटा मिठाच्या कणाएवढा. आत गेले असते तरी ते दिसले नसते. त्यानं त्यांचा आजार एका दिवसानंही मागं सरला नसता. हे सगळं खरं आहे आणि याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. आमच्या आज्याची जागा कोरी राहिली ती कुणाच्या तरी दुर्लक्षानं. आप्पांची जागा कोरी राहिली ती माझ्या काटेकोरपणानं, आणि तो काटेकोरपणा मला आप्पांनीच शिकवला होता. कुणाला बोल लावायचा?

अ‍ॅटलस पुरा झाला. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला वापरता येईल असा तो सगळ्यांसाठी खुला केला. दिवसभर अभिनंदनाचे निरोप येत होते. "तुमच्या भागातले म्हातारे आता जगाच्या नकाशावर आले," असं एका सहकाऱ्यानं मला लिहिलं, मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आप्पा तेव्हा फार थोडं बोलत. मला त्यांनी त्या महिन्यात दोनदा, "तुमी कुणाच्या?" असं विचारलं होतं. पण सकाळी चहाचा कप हातात आला की ओठ हलायचे, आणि त्यातून "नोंद" एवढा शब्द अजून निघायचा.

मला ते सहन होईना. मी अ‍ॅटलसमधलं एक पान निवडलं, समोरून दिसणारा काप, आणि कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चांगल्या जाड कागदावर छापून घेतलं. दुकानदार कागद उन्हात धरून म्हणाला, "कुणाचं डोस्कं हाय, ताई?" मी म्हणाले, "वडलांचं." वर मी मोठ्या अक्षरात "क प्रत" असं टाकलं होतं आणि खाली सहीसाठी रेघ मारली होती, कारण रेघ नसती तर आप्पांनी तो कागद धरलाच नसता. आयुष्यात एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाला मी खोटी प्रत द्यायला निघाले होते. घरी जाईपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं, फिरले नाही.

आप्पा दाराशी खुर्चीत उन्हाला बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "आप्पा, तुमची क प्रत आली."

त्यांनी चष्मा मागितला. खूप दिवसांनी मागितला. आईनं तो आणून त्यांच्या नाकावर ठेवला आणि पदर तोंडाला लावून मागं उभी राहिली. आप्पांनी कागदाची एक कड अंगठ्यानं दाबली, वारा असला की दाबायचे तशी. मग बोट फिरायला लागलं. मेंदूच्या कडेनं, बांधाबांधानं, सावकाश, कुठं घाई नाही. उजव्या बाजूला कानाच्या जागेवर येऊन ते थांबलं. तिथून डाव्या बाजूला गेलं. परत उजवीकडं आलं. त्यांनी कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"खूण कुठंय?" ते म्हणाले.

इतकं स्वच्छ वाक्य त्यांच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. सरासरीच्या नकाशात गोळी नसते. सगळ्या फाइलींतल्या गोळ्या आधीच पुसून टाकतात. ते पुसायचं कामही माझंच.

"आता खूण लागत नाही, आप्पा. नवीन पद्धत आहे. इथं सही करा." मी पेन त्यांच्या बोटांत दिलं.

त्यांनी पेन धरलं. सहीच्या रेघेवर टोक टेकलं देखील. मग ते उचललं, पेनला टोपण लावलं, कागदाची नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढं धरला, कचेरीतल्या अनोळखी बाईंना द्यावा तसा.

"ही माझी न्हाय," ते म्हणाले. "ज्येची हाय त्येला नेऊन द्या, बाई. वाट बघत बसला आसंल त्यो."